उस्तांनी सोडलेला टाका

रिम्मा ओपांचा, म्हणजे रिम्माताईंचा, संदेश आला तेव्हा ओयदिन सातवीच्या भूगोलाची मुद्रितं तपासत होती. "चष्मा लाव आणि चौथा फोटो बघ," एवढंच त्यांनी लिहिलं होतं. खाली विक्रीच्या एका जाहिरातीचा दुवा होता.

जाहिरात एका चामडी पिशवीची होती. लाल फौजेच्या घोडदळातल्या अधिकाऱ्याने खांद्याला अडकवायची, नकाशे ठेवायची पिशवी. 'तुर्किस्तान आघाडी, १९२१. अस्सल. झाकणाच्या आत शिक्का शाबूत.' पुढे लिहिलेली किंमत ओयदिनच्या आठ महिन्यांच्या पगाराएवढी होती. पहिल्या तीन फोटोंत पिशवी समोरून, मागून आणि उघडून दाखवली होती. चौथ्यात कुणाच्या तरी अंगठ्याने पट्ट्याची कडी वर उचलून खालचा डावा कोपरा दाखवला होता. शिवणीचे टाके तांदळाच्या दाण्यांसारखे एकामागोमाग एक कोपऱ्यापर्यंत आले होते. शेवटच्या छिद्रात मात्र धागा नव्हता.

ओयदिनने पेन्सिल खाली ठेवली. समोरच्या टेबलाशी बसलेल्या बाईने विचारलं, "काय गं, चूक सापडली?"

"नाही," ओयदिन म्हणाली. "चूक नाही."

वडील जाऊन पाच महिने झाले होते. हमरोकुल उस्ता. उस्ता म्हणजे कसबी कारागीर. ताश्कंदच्या फिल्म स्टुडिओत त्यांनी सदतीस वर्षं चामड्याचं काम केलं होतं. खोगिरं, लगाम, काडतुसांचे पट्टे, तलवारींची म्यानं. ते मूळचे उर्गुतचे. त्यांची आई भिंतीवर लावायचे भरतकामाचे पडदे करायची आणि प्रत्येक पडद्यात एक पाकळी न भरता सोडायची. काम पुरं झालं की करणाऱ्याचाही हात थांबतो, असं त्या बायका मानत. मुलाने सुईच्या जागी आरी धरली, पण आईची रीत सोडली नाही. ते आरीने सगळी छिद्रं पाडायचे, मेणवलेला धागा ओढत शेवटाला आणायचे आणि शेवटचं छिद्र रिकामं ठेवून मागे वळवून गाठ मारायचे. लहानपणी ओयदिन कारखान्यात त्यांच्याशेजारी बसलेली असायची. ते तिची करंगळी धरून त्या छिद्रावर टेकवायचे आणि म्हणायचे, "हे तू सांभाळ."

त्यांनी केलेली एकही वस्तू घरात नव्हती. जे केलं ते स्टुडिओचं. स्टुडिओचं कोठार नव्वदच्या दशकात वजनावर विकलं गेलं, तेव्हा ते दाराशी उभे राहून ट्रक भरताना बघत होते, असं आई सांगायची. ते गेल्यावर कपडे रिवाजाप्रमाणे मृताला अंघोळ घालणाऱ्यांना दिले. हत्यारं शेवटच्या शिष्याला दिली. तो आता चिर्चिकमध्ये गाड्यांच्या सीटा शिवतो. यात कुणाचं काही चुकलं नव्हतं. चाळिसाव्या दिवसाचा पुलाव झाला, पाहुणे गेले, ओयदिन घर झाडायला बसली तेव्हा तिला खिडकीत मेणाचा एक गोळा सापडला. त्यावर धाग्याच्या रेषा होत्या. तेवढंच.

रविवारी ती रिम्मा ओपांकडे गेली. रिम्मा ओपा स्टुडिओत पोशाखांचा विभाग सांभाळायच्या. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या आणि गुडघे सोडून त्यांचं सगळं शाबूत होतं.

"तीच आहे ना?" ओयदिनने विचारलं.

"तीच म्हणजे? साठ केल्या होत्या त्याने. त्यातली एक." ओपांनी प्याल्यात चहा ओतला, रिवाजाप्रमाणे अर्धाच. "चौऱ्याहत्तर साली. बासमाची बंडाचा, एकवीस सालच्या लढायांचा सिनेमा होता. दिग्दर्शकाने पहिली पिशवी बघितली आणि म्हणाला, ही काय नव्या नवरीची पिशवी आहे? तुझा बाप एक शब्द बोलला नाही. साठच्या साठ पिशव्या अक्रोडाच्या सालीच्या पाण्यात बुडवल्या, वाळवल्या आणि जिझाखच्या माळावर घोडेस्वारांच्या गळ्यात अडकवून आला. दोन महिने. म्हणाला, बाकी सगळं करीन, घोड्याचा घाम मला करता येत नाही."

ओयदिन हसली. पाच महिन्यांत पहिल्यांदाच वडिलांच्या एखाद्या गोष्टीवर.

"मग घे ना ती," ओपा म्हणाल्या.

"आठ पगार, ओपा."

"मग खोटी आहे म्हणून सांग. तो पारख्यांचा गट आहे ना फोनवर, जिथे सगळे रिकामटेकडे बकलांचे फोटो टाकतात? तिथे एक ओळ लिही. परवा तुला ती बटाट्याच्या भावात मिळेल."

"खोटी नाहीये ती."

"बरं. मग खरी आहे? एकवीस सालची?"

ओयदिनने प्याला हातात फिरवला.

"बघ," रिम्मा ओपा म्हणाल्या. "तुलाही सांगता येत नाही."

तिथून ती सरळ यांगिओबोदच्या जुन्या बाजारात गेली. विकणाऱ्याचं नाव सोदिक. चाळिशीचा, सोन्याचा एक दात, पुढ्यात चादरीवर हेल्मेटं, पदकं, दुर्बिणी. पिशवी त्याच्याकडे नव्हती.

"ती म्हाताऱ्याकडे तपासायला दिलीये, ओपा. लेव अर्काद्येविचकडे. अल्माटीचं गिऱ्हाईक म्हणतंय, म्हाताऱ्याने 'अस्सल' म्हटलं की पैसे. गुरुवारी सांगतो म्हणालाय. तुम्हाला कशाला हवी?"

"ती माझ्या वडिलांनी शिवलीये."

सोदिकने तिच्याकडे नीट बघितलं आणि शेजारच्या दुकानदाराला हाक मारली. "ऐकलंस का रे? आज वडील आले." मग तिच्याकडे वळून म्हणाला, "राग मानू नका. दर रविवारी माझ्याकडे तीन जण येतात. कुणाच्या आजोबांची तलवार, कुणाच्या मामाची दुर्बीण. एक बाई तर हेल्मेट कुशीत घेऊन रडली, आणि ते हेल्मेट पोलंडचं निघालं."

"मी रडत नाहीये."

"तेही दिसतंय." तो जरा मऊ झाला. "हे बघा, ओपा. ती तुमच्या वडिलांची असेल तर तिची किंमत शून्य. मग घेऊन जा, मला ओझंच आहे. आणि तुमच्या वडिलांची नसेल तर तुम्हाला परवडायची नाही. काय ते ठरवा नि मला सांगा."

परतताना मेट्रोत ती त्या दोन वाक्यांत तिसऱ्या वाक्याला जागा शोधत होती. तिला पिशवी हवी होती. आणि आणखी एक गोष्ट हवी होती. ती तिने रिम्मा ओपांनाही सांगितली नव्हती. सदतीस वर्षांत एकाही सिनेमाच्या शेवटी वडिलांचं नाव आलं नव्हतं. घोडे पुरवणाऱ्याचं यायचं, खानावळीचं यायचं. लहानपणी ती चित्रपटगृहात दिवे लागेपर्यंत बसून राहायची, आणि वडील म्हणायचे, "चल, आता बाहेर थंडी असेल." कुठेतरी, एकदा तरी लिहिलं जावं, की ही वस्तू हमरोकुल उस्तांनी केली. तिने लेव अर्काद्येविचना पत्र लिहिलं. तीनदा खोडून चौथ्यांदा पाठवलं. त्यांनी बुधवारी चार वाजता बोलावलं.

लेव अर्काद्येविच निवृत्त भूमापक होते. सैनिकी चामड्याच्या वस्तू ओळखण्यावर त्यांनी लिहिलेली मार्गदर्शिका बाजारातल्या प्रत्येक विक्रेत्याकडे होती, बहुतेकांकडे झेरॉक्स. इस्त्रीचा शर्ट घालून त्यांनी दार उघडलं आणि रशियन रीतीने, वडिलांच्या नावासकट तिला हाक मारली.

"या, ओयदिन हमरोकुलोव्ना. पत्रात एकही स्वल्पविराम चुकला नव्हता. हल्ली असं कोण लिहितं?"

पिशवी टेबलावर पांढऱ्या कापडावर ठेवली होती. ओयदिनने हात पुढे केला आणि मागे घेतला.

"आधी मी काय बघितलं ते सांगतो," ते म्हणाले. "धागा तागाचा, मेणवलेला. टाके हाताचे. बकलं जुनी, झारच्या काळातली." ती बकलं वडिलांनी भंगारातून किलोवर आणली होती, हे ओयदिनला माहीत होतं. लेव अर्काद्येविचनी पिशवी उचलून नाकाशी नेली आणि डोळे मिटले. "आणि घोड्याचा घाम. मुरलेला. सगळं बनवता येतं, हा बनवता येत नाही."

"माझे वडीलही हेच म्हणायचे," ओयदिन म्हणाली, आणि तिने जिझाखच्या माळाची गोष्ट सांगितली.

त्यांनी ती शांतपणे ऐकली. "सुंदर गोष्ट आहे. पण गोष्टच आहे."

"कडी उचला. शेवटचं छिद्र बघा."

"बघितलं. पट्टा घासून धागा झिजलाय. शंभर वर्षांत झिजणारच."

"धागा झिजून गेला असता तर छिद्राच्या कडेला त्याचा दाब उमटलेला असता. शेजारच्या छिद्रांना आहे बघा. इथे नाही. इथे धागा कधी गेलाच नाही."

त्यांनी भिंग काढलं, दिवा जवळ ओढला. बराच वेळ ते वाकून राहिले. तिने उर्गुतच्या आजीची न भरलेली पाकळी सांगितली. त्यांनी दिवा मागे सारला. मग उठून काचेच्या कपाटाकडे गेले, कुलूप उघडलं आणि तशीच एक पिशवी आणून शेजारी ठेवली. ओयदिनने ती ओळखली. मार्गदर्शिकेच्या मुखपृष्ठावर तीच होती.

त्यांनी स्वतःच कडी उचलली. खालचा डावा कोपरा. टाके शेवटपर्यंत आले होते आणि तिथे थांबले होते.

"वीस वर्षं," ते म्हणाले. खुर्चीत बसले. "वीस वर्षं मी लोकांना हिच्याशी ताडून बघायला सांगतोय."

"मला माफ करा."

"तुम्ही कशाला माफी मागता? तुम्ही मला फसवलेलं नाही."

"त्यांनीही नाही."

लेव अर्काद्येविचनी झाकण उघडलं. आत शिक्का होता. तारा, आकडा, १९२१. "हा शिक्का कुणी मारला?"

"वडिलांनी. पितळेचा होता. त्यांनीच कोरला होता."

"चौऱ्याहत्तर साली. १९२१ असा."

"सिनेमासाठी. कॅमेरा जवळ यायचा."

"शिक्क्यावर सिनेमासाठी असं लिहिलेलं नाही, ओयदिन हमरोकुलोव्ना."

ते रागावून बोलत नव्हते. तिने एवढंच विचारलं, "'सिनेमासाठी बनवलेली' असं नाही का लिहिता येणार?"

"गटात चार हजार माणसं आहेत. ती निकालाचा पहिला शब्द वाचतात. अस्सल किंवा नक्कल. तिसरा शब्द मीच कधी ठेवला नाही. तो ठेवला असता तर सगळ्या चोरांनी तोच वापरला असता." त्यांनी चष्मा पुसला. "तुम्ही आत्ता उठून गेलात तरी मी तुम्हाला अडवणार नाही. पण मग माझ्याकडे पुरावा नाही. ही अस्सल ठरेल, अल्माटीला जाईल. माझीही कपाटात राहील. तुम्ही सांगितलंत तर मला सगळं लिहावं लागेल. कुणी केली, केव्हा, खूण कुठली. नावासकट. नाव नसलेल्या माहितीवर मी निकाल देत नाही."

नावासकट. ओयदिनने तो शब्द ऐकला आणि तिच्या मनात दिवे लागलेलं चित्रपटगृह आलं. शिक्क्याबद्दल ते आत्ताच काय म्हणाले होते तेही तिने ऐकलं होतं. पण नाव लिहिलं जाणार होतं, आणि पिशवी घरी येणार होती. पुढ्यात नीट लावून वाढलेलं ताट असावं तसं ते तिला दिसलं.

"लिहा," ती म्हणाली.

त्यांनी वहीत नाव लिहिलं. तिने वाकून बघितलं आणि एक अक्षर दुरुस्त केलं.

गुरुवारी निकाल आला. लेव अर्काद्येविचनी एक शब्दही वाढवून लिहिला नव्हता. पहिला शब्द 'नक्कल'. मग दोन्ही पिशव्यांचे फोटो, रिकामं छिद्र लाल वर्तुळात, आणि 'बनवणारा: हमरोकुल, चर्मकार, ताश्कंद, १९७४. माहिती: त्यांची मुलगी.' शेवटी त्यांनी स्वतःच्या वीस वर्षांच्या चुकीबद्दल वाचकांची क्षमा मागितली होती. त्याखाली चारशे माणसांनी त्यांच्या प्रामाणिकपणाला सलाम केला होता.

आठवड्याभरात लोक आपापल्या वस्तू उलट्या करून बघू लागले. पट्टे, म्यानं, खोगिराच्या थैल्या. 'माझ्याकडे दोन निघाल्या, सत्यानाश.' 'हा हमरोकुल कोण? जिवंत आहे का? पत्ता द्या.' 'गेला म्हणे. सुटला.' 'किती जणांना टोपी घातली असेल.' कुणीतरी लिहिलं की त्याची मुलगीच आता बापाचा माल ओळखून द्यायचे पैसे घेते. मग नावाला शेपूट फुटलं. 'घेऊ नका, हमरोकुली वाटते.' जर्मन बटणालाही एकाने हमरोकुली म्हटलं.

ओयदिनने एकदा उत्तर लिहिलं. ते चित्रपटासाठी काम करत होते, त्यांनी एकही वस्तू कुणाला विकली नाही. सगळे स्वल्पविराम जागेवर होते. त्याखाली एकाने हसणारा चेहरा टाकला, तेवढंच.

तिसऱ्या आठवड्यात सोदिकचा फोन आला. "ओपा, या आणि घेऊन जा तुमच्या वडिलांना."

चार किलो तांदूळ आले असते एवढ्या पैशांत त्याने पिशवी दिली, वर्तमानपत्रात गुंडाळून. ओयदिनने ती बाजारात उघडली नाही. घरी आली, हात धुतले, खिडकीशी बसली. मेणाचा गोळा तिथेच होता. तिने कागद सोडला, कडी उचलली आणि करंगळी खालच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवली.

करंगळीखाली गाठ होती.

शेवटच्या छिद्रातून धागा नेऊन टाका पुरा केलेला होता. धागा नायलॉनचा, चहात बुडवून काळपट केलेला. सुई जाड वापरली होती. कातडं शेजारच्या छिद्रापर्यंत फाटलं होतं.

तिने सोदिकला फोन लावला. "तुम्ही टाका घातलात?"

"मग काय करू! तुमच्या त्या एका छिद्रापायी आख्खा बाजार बसला, ओपा. आता सगळेच घालतायत. मी एका पर्यटकाला दाखवून बघितली, भाव जमला नाही, म्हणून तुम्हाला दिली." तो क्षणभर थांबला. "टाक्याचे पैसे काही लावले नाहीत मी."

संध्याकाळी रिम्मा ओपा आल्या. ओयदिनने नखं कापायच्या कात्रीने तो धागा काढला होता. छिद्राच्या जागी आता एक फट होती, करंगळी आत जाईल एवढी. ओपांनी पिशवी दिव्याखाली धरून बघितली, मांडीवर ठेवली आणि तिच्यावरून हात फिरवत राहिल्या.

"आता मात्र शंभर वर्षांची दिसते," त्या म्हणाल्या.

त्या गेल्यावर ओयदिनने कप धुतले. फोन वाजला. लेव अर्काद्येविचनी एक फोटो पाठवला होता. नुकूस शहरातला कुणी माणूस अशीच पिशवी विकायला काढत होता. 'तुम्हाला पुन्हा त्रास देतोय. कोपरा पाहावा. इथे शेवटचा टाका पूर्ण आहे. गटातले बहुतेक जण अस्सल म्हणतात. माझी नजर आता पूर्वीसारखी राहिली नाही, आणि माझा माझ्यावर विश्वासही राहिला नाही. ही तुमच्या वडिलांची आहे का?'

तिने फोटो मोठा केला. तांदळाच्या दाण्यांसारखे टाके. वळणावर जरासे जवळ आलेले, कारण तिथे वडील श्वास रोखायचे. आणि शेवटचा एकच टाका वेगळा, ढिला, कुणीतरी परवा घातलेला. तिच्यासारखं मुद्रित तपासणाऱ्या माणसाला ते पानभर मजकुरातल्या एका उलट्या अक्षरासारखं दिसत होतं.

तिने पिशवी जवळ ओढली. कातडं नाकाशी नेलं. घोड्याचा वास अजून होता.

मग तिने लिहिलं, 'नाही. ही माझ्या वडिलांची नाही.' एकदा वाचून बघितलं आणि पाठवलं.

उत्तर लगेच आलं.

'आभारी आहे, ओयदिन हमरोकुलोव्ना.'